क्षितिजाला दिवा कुठला

७ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ६.

आज विमान जमिनीवर सरळ उभं होतं आणि आतली तबकडी ते डावीकडे कललंय असं सांगत होती. साडूंचं म्हणणं पडलं की हँगरसमोरची फरशीच उतरती असेल. हा माणूस दातांचा डॉक्टर आहे. निम्मं विमान त्याचं आहे, निम्मं माझं.

मेकॅनिकनं तबकडीला कान लावला, दोन बोटांनी टकटक केली आणि म्हणाला, जायरो गेला. आतली बेअरिंग खडखडतायत. नवा घ्या.

मी तिथल्या तिथं जाहीर केलं की ही जबाबदारी माझी. साडू लगेच हो म्हणाले. थोडा आग्रह करून घ्यायचा माझा विचार होता, पण संधीच मिळाली नाही.

संकल्प: एक, आठ दिवसांत नवा जायरो बसवणे. दोन, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आईला डोंगरापलीकडे मावशीकडे विमानानं नेणे. तीन, रोज अर्धा तास चालणे.

८ सप्टेंबर.

आईला समजावलं. एक गोल तबकडी असते, वरचा अर्धा भाग निळा, खालचा तपकिरी, मधे पांढरी रेघ. निळं म्हणजे आकाश, तपकिरी म्हणजे जमीन, रेघ म्हणजे क्षितिज. आत जायरो नावाचा भोवरा गरागरा फिरत असतो, त्यामुळे ढगात किंवा अंधारात बाहेरचं काही दिसलं नाही तरी विमान किती कललंय ते कळतं.

आईनं विचारलं, आणि दिसत असेल तर?

म्हटलं, तर बाहेर बघायचं.

मग बाहेर बघून जाऊ की, म्हणाली.

तांत्रिक गोष्टी घरात बोलायच्या नाहीत असं ठरवलं.

मावशीकडचा विषय मात्र गंभीर आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली. मावसबहिणीचा फोन होता. मावशी हल्ली माणसं विसरते. अजून ओळखतेय, पण आईला घेऊन लवकर ये म्हणाली. रस्त्यानं नऊ तास लागतात, घाट आहे, आईची कंबर तेवढं सोसणार नाही. विमानानं एक तास दहा मिनिटं. बहिणीला सांगितलं, काळजी सोड, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अंगणात उभे.

९ सप्टेंबर. दुपारी ३, दुकानात.

मेकॅनिकनं ऑर्डरचा फॉर्म दिला. एकच पान. मॉडेल त्यानं भरून दिलंय. खाली एक रकाना आहे, लायटिंग. तिथं पर्याय आहेत: दिवा नको, आतून दिवा, बाहेरून छोटे खांबदिवे, तबकडीभोवती दिव्याची कडी. मग रंग. मग व्होल्ट.

मेकॅनिक म्हणाला, दिवा नको लिहा. जुन्याला तरी कुठं होता. छताला लाल बल्ब आहे तो पुरतो.

मला हसू आलं. सव्वीस वर्षं मी दिव्यांचं दुकान चालवतोय. झुंबरांपासून फ्रिजमधल्या बल्बापर्यंत या हातांनी विकलंय. आणि मला हा माणूस सांगतो, दिवा नको लिहा.

फॉर्म स्वतःकडे घेतला. उद्या भरून देतो म्हटलं.

१२ सप्टेंबर.

अभ्यास चालू. फॉर्म अजून भरला नाही कारण घाई नको. चालायला गेलो नाही कारण अभ्यास.

दुकानात एक बाई टेबललॅम्प घ्यायला आल्या. उबदार पांढरा की थंड पांढरा, डोळ्यांवर काय परिणाम होतो, सगळं नीट समजावलं. पाऊण तास. विचार करून येते म्हणाल्या. विचार करणारी गिऱ्हाइकं अशी क्वचित भेटतात.

१४ सप्टेंबर, रविवार.

आज प्रत्यक्ष प्रयोग. घरातली जाड चादर विमानावर घातली, काचा झाकल्या, आत अंधार केला. चार टॉर्च नेले होते, प्रत्येकाच्या तोंडाला वेगळ्या रंगाचा जिलेटिन कागद. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात असं वाचलंय. मला एक तास चाळीस मिनिटं लागली. मेकॅनिकनं काचेवर थाप मारली तेव्हा कुठं लक्ष गेलं. त्यानं विचारलं, घोरत होतात का. मी दीर्घ श्वसन म्हणून सांगितलं.

निष्कर्ष: लाल उजेडात निळं आणि तपकिरी दोन्ही काळंच दिसतं. आकाश-जमीन सारखी. लाल बाद. हिरवा बरा वाटला. निळसर पांढराही बरा वाटला. पिवळ्या टॉर्चचे सेल संपले.

निघताना मेकॅनिक म्हणाला, साहेब, मी जुना जायरो काढून ठेवलाय, भोकावर पत्रा मारून देतो. दिवसाउजेडी, मोकळ्या हवेत तेवढ्यावर उडायला परवानगी आहे, मी वहीत नोंद करून सही देतो. तुमचा दिवा ठरेपर्यंत विमान तरी अडकून पडायला नको.

पत्रा. म्हणजे पत्र्याची शेड करायची आता विमानाची. मार बाबा पत्रा, म्हटलं. मी काही त्यातून उडणार नाही.

१८ सप्टेंबर.

ठरलं. आतून दिवा, हिरवा. फॉर्मवर पेन्सिलीनं लिहिलं.

१९ सप्टेंबर.

हिरवा खोडला. काल संध्याकाळी दुकानात हिरव्या बल्बाखाली आरशात तोंड पाहिलं. उलटी येण्याच्या बेतात असलेला माणूस दिसला. प्रवाशांनी, त्यातून आईनं, मला अशा अवस्थेत बघावं असं वाटत नाही. निळसर पांढरा लिहिला.

२१ सप्टेंबर, रविवार.

साडू सहकुटुंब जेवायला आले. मी कच्चा आराखडा समोर ठेवला. आतून दिवा हवा का बाहेरून, यावर सगळ्यांचं मत मागवलं. बायकोची धाकटी बहीण म्हणाली, काही समजत नाही बाई. बायको म्हणाली, अहो, पण तुम्ही रात्री उडता तरी का?

मग साडूंनी री ओढली. आपल्या दोघांकडे रात्री उडायचा परवाना नाही. आपल्या धावपट्टीला दिवे नाहीत. सूर्य मावळला की वॉचमन फाटकाला कुलूप घालतो. मग तबकडीला दिवा लावून आपण नेमकं काय बघणार?

माझं उत्तर तयार होतं. परवाना उद्या काढता येतो. धावपट्टीला दिवे परवा लागतील. पण एकदा बिनदिव्याचा जायरो बसला की तो कायमचा बसला. याला दूरदृष्टी म्हणतात.

साडूंनी आणखी भात घेतला.

आई मधेच म्हणाली, ऑक्टोबरला किती दिवस राहिले रे?

दहा. भरपूर आहेत.

२६ सप्टेंबर.

आतून दिवा लिहिलं होतं ते खोडून दिव्याची कडी लिहिलं. आतला बल्ब गेला तर सगळा जायरो उघडायला पाठवावा लागतो, कडी बाहेरून बदलता येते. हे आधी का सुचलं नाही. म्हणूनच घाई नको म्हणत होतो.

२७ सप्टेंबर.

कडीमुळे तबकडी अर्ध्या बोटानं पुढं येते आणि शेजारच्या तबकडीची कड झाकते. पुन्हा आतून दिवा. फॉर्मचा कागद त्या जागी इतका झिजलाय की पलीकडचं दिसतं. मेकॅनिककडून नवा फॉर्म आणला. त्यानं तीन दिले. हा टोमणा होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

३० सप्टेंबर. रात्री ९.

पुरवठादाराकडे फोन. तिथल्या बाई म्हणाल्या, बिनदिव्याचा जायरो तयार आहे, आज पाठवते, परवा मिळेल. दिव्याचा मागवावा लागेल, पाच आठवडे.

त्यांनी हे अशा सुरात सांगितलं की मी परवाचाच घेईन. मी कळवतो म्हटलं.

संध्याकाळी बसून विचार केला. परवा घेतला तर मावशीकडे वेळेत जाता येतं. पण मग आयुष्यभर बिनदिव्याची तबकडी बघायची. आणि मावशी ओळखतेय अजून. बहीणच तसं म्हणाली होती. पाच आठवड्यांनी असा काय फरक पडणार आहे. आईला सांगितलं, नोव्हेंबर.

तिनं कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती, त्यातून फक्त चष्म्याची डबी काढून घेतली.

३ ऑक्टोबर.

राहिला व्होल्टचा रकाना. चौदा की अठ्ठावीस. विमानतळावर गेलो तर मेकॅनिक जेवायला गेलेला. आमच्या विमानाच्या पुढच्या चाकाचं काम काढलेलं, त्यामुळे ते नाक वर करून टेकूवर उभं. आत चढून व्होल्टची पाटी वाचणं माझ्या गुडघ्यांना मानवणारं नव्हतं. सुदैवानं शेजारच्या हँगरमधे अगदी तेच मॉडेल आहे, फक्त रंग वेगळा आणि थोडं नवं. दार उघडं होतं. पाटी वाचली: अठ्ठावीस. लिहून टाकलं. अडचण आली की डोकं चालवणारी माणसं वेगळीच असतात.

६ ऑक्टोबर.

ऑर्डर गेली. आतून दिवा, निळसर पांढरा, अठ्ठावीस. पाठवण्याआधी मेकॅनिकनं फॉर्म पाहिला आणि विचारलं, व्होल्ट आपल्याच विमानाची पाटी बघून लिहिलेत ना?

मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. सव्वीस वर्षं दिवे विकणाऱ्याला हा व्होल्ट विचारतो. बरं, म्हणाला तो. हा माणूस बरं म्हणाला की त्यात काय काय भरलेलं असतं देव जाणे.

१० ऑक्टोबर.

मावसबहिणीचा फोन. परवा मावशीनं तिलाच शेजारीण समजून दार लावून घेतलं. अर्धा तास उघडेना. बहीण फोनवर रडत होती. मी धीर दिला. ऑर्डर गेलीय, आता फक्त चार आठवडे, असं सांगितलं. तिनं विचारलं, कसली ऑर्डर? मी थोडक्यात सांगायला लागलो तर लाइन कट झाली. तिकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो.

१२ ऑक्टोबर, रविवार.

आज साडूंनी विषय काढला. हवा छान आहे, चाक बसलंय, पत्रा मारलाय. आईंना मी सोडून येतो, म्हणाले. सकाळी निघू, बाहेर बघत बघत जाऊ.

मी ठाम नकार दिला. भोक बुजवलेल्या विमानात माझी आई बसणार नाही. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आईनं विचारलं, पत्रा बाहेरून दिसतो का?

नाही, आतून दिसतो.

मग काय झालं, म्हणाली, आणि शेंगा सोलायला लागली. साडूंवर तिचा फाजील विश्वास आहे. त्यांनी बसवलेली कवळी तिला नीट बसली, तेव्हापासून.

आणखी एक. निळसर पांढरा नक्की कसा निळसर? फोटोवरून कळत नाही. दवाखान्यासारखा असला तर? झोप नीट लागत नाही. पुरवठादाराकडे नमुना ठेवलेला असतो म्हणे. शुक्रवारी गाडी काढून जाऊन बघून येणार. सहा तासांचा रस्ता आहे. एकदा डोळ्यांनी बघितलं की कटकट मिटली.

१७ ऑक्टोबर. दुपारी ४, पुरवठादाराच्या गावी, लॉजवर.

बघितला. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, खोलीतले दिवे घालवा. त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकं आहेत. म्हटलं, मीही गिऱ्हाईक आहे. घालवले. कुणीतरी खोक्यांवर धडपडलं, एक खोकं खाली पडलं. पण त्या अंधारात तो निळसर पांढरा उजेड असा काही उठून आला की बास. आकाश आकाशासारखं, जमीन जमिनीसारखी.

बाईंनी विचारलं, मग ऑर्डरमधे काय बदल करायचा?

म्हटलं, काही नाही. हाच सांगितला होता.

त्यांनी दिवे लावले.

सहा तास सार्थकी लागले. आज मुक्काम. उद्या घरी जाऊन आईला सांगणार की सगळं मनासारखं जुळून येतंय.

१८ ऑक्टोबर. संध्याकाळी ५.

घराला कुलूप. किल्ली शेजारी. शेजारीण म्हणाली, सगळे विमानानं गेले.

बायकोला फोन केला. मावशीच्याच घरी होती. म्हणाली, अहो, सकाळी तुमच्या साडूंनी फोन करून विचारलं, हवा अगदी स्वच्छ आहे, येता का? आई अर्ध्या तासात चपला घालून दारात उभ्या. तुम्हाला फोन लावला तर तुम्ही गाडी चालवत होता, उचलला नाहीत. मग मीही बसले.

मी आवाज चढवला. तिनं फोन आईकडे दिला. आई म्हणाली, पोचलो रे. फ्रिजमधे भाजी आहे, गरम करून घे.

भाजी गरम केली. रागाच्या भरात दोनदा गरम केली.

१९ ऑक्टोबर.

साडूंना चार गोष्टी सुनवायच्या ठरवल्या. मुद्दे काढले. एकूण अकरा. चालायला गेलो, कारण घरात कुणी नाही.

२२ ऑक्टोबर.

सगळे सुखरूप परतले. मुद्द्यांचा कागद खिशात होता, पण साडूंनी विमानतळावरच माझ्या हातात मावशीकडच्या पेरूंची पिशवी दिली, त्यामुळे हात मोकळा राहिला नाही.

रात्रीच्या जेवणाआधी आईनं सगळं सांगितलं. साडूंनी धरण दाखवलं, घाटातला रस्ता दाखवला, त्यावर एक बस मुंगीसारखी चालली होती. आईनं थर्मासातला चहाही घेतला. मी विचारलं, जायरो नसताना विमान कललं असतं तर कळलं कसं असतं?

चहा सांडला असता, म्हणाली.

मावशी फाटकातच उभी होती. आईला बघून तिनं हाक मारली ती लहानपणच्या नावानं. ते नाव आईनं पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. दोन दिवस दोघी बोलत होत्या. एका पांघरुणात झोपल्या. भांडल्यासुद्धा, कुणाच्या तरी लग्नातल्या बांगड्यांवरून. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं मावसबहिणीला विचारलं, या बाई किती दिवस राहणार आहेत?

आई हे सांगताना पेरू चिरत होती. सुरी थांबवली नाही. म्हणाली, दोन दिवस मिळाले मला. पुष्कळ झाले.

मी म्हटलं, पण धोका केवढा होता.

तिनं माझ्या पुढ्यात बशी सरकवली.

एक महत्त्वाचं. मावशीनं दुसऱ्या दिवशी माझी आठवण काढली होती. माझा पिल्लू कुठाय, म्हणाली. आईच्या मोठ्या आजारपणात सहावी-सातवीची दोन वर्षं मी मावशीकडे होतो. रोज मला शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सोडायची, मी वळून बघेपर्यंत तिथंच थांबायची. ती सगळ्यांना विसरेल, मला विसरणं शक्य नाही. हे डॉक्टर लोकांना कळत नाही, काही गोष्टी आत खोल असतात. नोव्हेंबरमधे मी स्वतः जाणार. नव्या जायरोसकट.

११ नोव्हेंबर.

खोकं आलं. दुकानातच उघडलं. हातात घेतला तर काय वजन, काय काच. दिवसभर काउंटरवर ठेवला. तीन गिऱ्हाइकांनी किंमत विचारली, एकानं किती वाजले ते विचारलं.

१४ नोव्हेंबर. दुपारी २, हँगर.

बसवला. मेकॅनिकनं इंजिन चालू केलं, दोन-तीन मिनिटांत पांढरी रेघ डुलत डुलत सरळ झाली आणि थांबली. एकदम सरळ. साडूंनीही छान म्हटलं.

मग दिव्याची पाळी आली.

मी म्हटलं, दाब.

मेकॅनिक म्हणाला, दाबलंय.

हँगरचं दार लावून घेतलं. तरी काही नाही. मग दोन्ही तळहातांचा आडोसा करून, नाक काचेला टेकवून बघितलं, तेव्हा आत कुठंतरी काजवा मरायला टेकल्यासारखं काहीतरी दिसलं.

मेकॅनिकनं खोक्यावरचा आकडा वाचला, मग आत वाकून आमच्या विमानाची पाटी वाचली. चौदाच्या विमानाला अठ्ठावीसचा दिवा, म्हणाला. असाच लागणार. शेजारचं नवं आहे, त्याचं अठ्ठावीस. हे जुनं आहे. एवढंच बोलला. हसला असता तर बरं वाटलं असतं.

बदलून मिळेल का म्हणून पुरवठादाराकडे फोन केला. बाईंनी माझा आवाज ओळखला. बसवलेला माल परत घेत नाहीत.

१५ नोव्हेंबर.

शांतपणे विचार केला तर हे एक प्रकारे बरंच झालं. झगझगीत दिवा अंधारात डोळ्यांवर येतो. मंद दिवा डोळ्यांना सुखद. शिवाय कमी दाबावर चालला की बल्ब वर्षानुवर्षं जात नाही. मी हे गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. साडूंनाही सांगितलं. ते म्हणाले, हो, दिसतच नाही म्हटल्यावर गेलेलाही कळणार नाही.



१९ नोव्हेंबर.

रविवारी मावशीकडे. आई येते म्हणाली, पण आधी साडू येणार का ते विचारलं. म्हटलं, मी आहे ना. बरं, म्हणाली. मेकॅनिकची लागण घरापर्यंत आलीय.

मावशीसाठी काय न्यावं? तिला माझ्या लहानपणचा फोटो दाखवायचा नाही असं ठरवलं. त्याची गरज नाही. मी समोर उभा राहिलो की पुरे.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४, मावशीच्या घरी, मधल्या खोलीत.

उड्डाण उत्तम. आकाशात एक ढग नव्हता. जाताना मी पूर्ण वेळ जायरोवर लक्ष ठेवून होतो, रेघ जागची हलली नाही. आई मधे मधे काही दाखवत होती, धरण असावं. मी मान डोलावली. दिवा लावून ठेवला होता. उन्हामुळे लागलाय की नाही ते कळलं नाही.

मावशी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. खूप बारीक झालीय. मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, मावशी, मी आलो.

तिनं बघितलं. मग वर ट्यूबकडे बोट दाखवून म्हणाली, किती दिवस झाले सांगून. आज आलात.

मावसबहीण घाईघाईनं म्हणाली, अगं, हा आपला पिल्लू. मावशी म्हणाली, पिल्लू शाळेत गेलाय.

मी खुणेनंच बहिणीला थांबवलं. कारण लगेच माझ्या लक्षात आलं. दार माझ्या पाठीशी होतं, उजेड मागून येत होता, खोलीतली ट्यूब बंद. म्हणजे माझा चेहरा पूर्ण काळोखात. अशा उजेडात कुणीही ओळखणार नाही. यात मावशीचा काही दोष नाही. उजेडाची दिशाच चुकीची होती.

स्टूल मागवलं. ट्यूब ठीक होती, स्टार्टर गेला होता. बाथरूममधल्या ट्यूबचा काढून इकडे लावला, होल्डरची एक पट्टी वाकली होती ती सरळ केली, धूळ पुसली. आईनं स्टूल धरलं होतं. बहिणीला म्हटलं, बटण दाब. दोनदा फडफडली आणि लागली. खोलीचे चारही कोपरे उजळले. चांगला, स्वच्छ, पांढरा उजेड.

खाली उतरलो. पलंगाच्या अगदी समोर, ट्यूबखाली, उजेड तोंडावर घेऊन उभा राहिलो. हसलोसुद्धा.

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचे डोळे चांगले आहेत, चष्मासुद्धा नाही. मग आईकडे वळून म्हणाली, चांगलं काम केलं हो यांनी. चहा दे त्यांना. आणि नंबर लिहून ठेव, पुन्हा लागतील.

आई माझ्याकडे बघत होती. बहीण वही-पेन घेऊन नुसतीच उभी राहिली. मावशी वाट बघत होती.

मी दुकानाचा नंबर सांगितला.